नववं मत

नाबलूस, १४ ऑक्टोबर

चि. रुला हीस अनेक आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांत आपल्या देशाला सदस्य करून घ्यायला नऊ मतं लागतात, आठ पक्की आणि नववं त्या बेटावरच्या देशाच्या राजदूताच्या हाती, हे तुझ्या पत्रात दोनदा वाचलं. नऊ झाली तरी बडा देश नकाराधिकार वापरील, कळतं गं मला. पण निदान जगानं म्हणावं, हा देश आहे. एक्क्याऐंशी वर्षांत चार अंमलांचे कागद खिशात बाळगले, आपल्या देशाचा एकही नाही.

जैतुनाची तोडणी अर्धी झाली. वरच्या शेतात सैनिक जाऊ देत नाहीत. न्हावी नायेफ रोज टोचतो, मास्तर, तुमच्या देशाला घरात घेणार, की उंबऱ्यावर चपला सांभाळायला बसवणार?

आपल्या शिष्टमंडळातर्फे राजदूताकडे जाशील तेव्हा रीत पाळ. मुलगी मागायला आपले वडीलधारे जातात तशी जा. त्यांनी दिलेला कॉफीचा पेला समोर तसाच ठेव, होकार मिळेपर्यंत ओठाला लावू नकोस. घरंदाज यजमान पाहुण्याची कॉफी गार होऊ देत नाही.

या म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा बाबा

न्यूयॉर्क, २९ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

तुमचं ऐकलं. राजदूतांच्या पत्नीनं त्यांच्या बेटावरची कॉफी स्वतः करून आणली होती. मी पेला तसाच ठेवला आणि म्हटलं, आधी शब्द द्या. बाईंचा चेहरा उतरला. राजदूत म्हणाले, आमच्याकडे घरची कॉफी नाकारणारा भांडायला आलेला असतो. मी रीत समजावू लागले, तोवर ते उठले होते.

काल मतदान झालं. ते तटस्थ राहिले. आठच, बाबा.

सहकारी म्हणतात, तटस्थ राहण्याचा हुकूम त्यांच्या राजधानीतून आधीच आला होता. खरं काय, देव जाणे. माझ्यावर रागावू नका, लोभ असू द्या.

तुमची रुला

नाबलूस, १२ नोव्हेंबर

चि. रुला हीस अनेक आशीर्वाद.

रागावू कुणावर? रेडिओ ऐकायला सगळे नायेफच्या दुकानात जमलो होतो. आठ ऐकलं आणि त्याचा वस्तरा माझ्या गालावरच थांबला. टोचून बोल रे काहीतरी, म्हटलं, तर तो गालावरचा साबण पुसू लागला. तुझं पत्र आल्यावर मी चारचौघांत सांगितलं, चूक माझी. चाळीस वर्षं सहावीच्या पोरांना कविता शिकवल्या. वाटायचं, कुठलंही दार वाजवा, आत आपल्यासारखंच माणूस असणार.

वरच्या शेतातली झाडं परवा सैनिकांनी यंत्रानं उपटली. लांबून पाहिलं.

त्या बाईंची माफी माग. मताचा विषय काढू नकोस. मग अर्ज पुन्हा करा. माझ्या हयातीत होईल, असलं गोड लिहू नकोस. पुढची तारीख तेवढी कळव.

तुझाच,
बाबा