वर विचारलं होतं का

६ फेब्रुवारी

वकीलबाईंचा पहिलाच प्रश्न — "काका, गोळी देताना तुम्हाला शंका आली होती का? नीट विचार करून सांगा."

विचार कसला करायचा? आली होती, म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

झालं ते एवढंच. गल्लीतल्या घड्याळजींची बायको सांधेदुखीची चिठ्ठी घेऊन दुकानात आली. छोटी पिवळी गोळी. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. चिठ्ठीवर लिहिलं होतं, रोज एक. रोज घेतली तर अंगातलं रक्त तयार व्हायचं थांबतं, हे सगळा जन्म औषधं विकण्यात घालवलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी इंटरकॉम उचलला. वर दवाखान्यात विचारलं — "अगं, ही रोज द्यायची?" वरून आवाज आला — "हो बाबा, लिहिलंय तसं द्या. इथे गर्दी आहे." मी दिली. महिन्याभरात बाई गेली.

वरच्या दवाखान्यातली डॉक्टर म्हणजे माझी मुलगी. घड्याळजींनी दावा दोघांवर लावलाय. दुकानावर आणि दवाखान्यावर.

९ फेब्रुवारी

मुलीचा वकील वेगळा. तिच्या विमा कंपनीने दिलेला, टाय लावणारा. माझ्या वकीलबाई वेगळ्या. दोन्हीकडून सक्त ताकीद — केसबद्दल घरात आपसात चकार शब्द काढायचा नाही. उलटतपासणीत विचारतात म्हणे, घरी बसून काय ठरवलंत?

म्हणजे एका टेबलावर दोन प्रतिवादी जेवायला. आमची ही वाढता वाढता म्हणाली, "दोन्ही पार्ट्यांना एकाच पातेल्यातलं वाढतेय. माझी फी कोण देणार?"

कोणी हसलं नाही. हीसुद्धा.

१७ फेब्रुवारी

आज बचाव शिकलो. या वयात शिकवणी!

वकीलबाई म्हणाल्या, औषधवाल्याचा सगळ्यात जुना बचाव म्हणजे, डॉक्टरने लिहिलं ते मी दिलं, जबाबदारी लिहिणाऱ्याची. पूर्वी चालायचा. आता न्यायाधीश विचारतात, मग दुकानात शिकलेला माणूस कशाला बसवलाय, नुसतं कपाट पुरलं असतं. शिवाय मला शंका आली होती. शंका आली म्हणजे धोका माहीत होता, आणि माहीत असून दिलं हे सगळ्यात वाईट.

"पण," बाई म्हणाल्या, "तुम्ही वर विचारलंत. डॉक्टरने 'द्या' म्हटलं. मग निदान मोठं ओझं तिकडे जातं. तुमची नोंदणी वाचू शकते. हेच आपलं म्हणणं."

"तिकडे म्हणजे माझ्या मुलीवर."

"कोर्टात ती प्रतिवादी क्रमांक दोन आहे, काका."

इंटरकॉमची कुठे नोंद राहते का, असं मी विचारलं. नाही म्हणाल्या. "तुम्ही सांगाल तरच तो फोन झाला." लेखी उत्तरात घालू का, म्हणाल्या. थांबा, म्हटलं.

घरी आलो. मोजे काढले. काही वाटत नाही. वाटायला हवं, हे कळतं.

१८ फेब्रुवारी

दुकान उघडं. खोकल्याची औषधं, बाळाची पावडर. गिऱ्हाईक पाकीट उलटंपालटं करून दोनदा वाचतं. बरोबरच आहे.

३ मार्च

टायवाल्याने मुलीचं लेखी उत्तर कोर्टात दिलं. वकीलबाईंनी मला वाचायला दिलं. लिहिलंय — लिहिताना हात चुकला, हे मान्य. मात्र अशी चूक पकडण्यासाठीच फार्मसिस्ट असतो. त्याने एकदा जरी वर विचारलं असतं तर डॉक्टरांनी तत्क्षणी दुरुस्ती केली असती. त्याने विचारलं नाही.

खाली तिची सही.

दोनदा वाचलं. वकिलाने लिहून दिलं, तिने सही केली. करणार काय पोर. नुकतं कुठे नाव होत होतं.

रात्री जेवताना मान वर केली नाही तिने. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या काढून ताटाशेजारी ठेवल्या आणि गेली. मला कळतं ते. बापाला कळतं. डोळ्याला डोळा भिडवायची लाज वाटते तिला. वाटू दे, त्याने कोणी मरत नाही.

२२ मार्च

आणखी एक बचाव — खापर गेलेल्या बाईवरच फोडायचं. तोंड आलं होतं तिला, घास गिळवत नव्हता. मग लगेच डॉक्टरकडे का गेली नाही? स्वतःची काळजी घेतली नाही, तिचाही दोष.

मी म्हटलं, हे घालू नका.

"का?"

"ती माझ्याकडे आली होती. तोंड आलंय म्हणाली. मी जेल दिलं. सकाळ-संध्याकाळ लावा, म्हटलं."

वकीलबाईंनी पाणी मागवलं. माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, कळलं नाही. दोघांनी प्यायलं.

तोंड येणं ही त्या गोळीची पहिली खूण. पुस्तकात आहे. मी एकदा विचारून बसलो होतो, मुलीने हो म्हटलं होतं, म्हणून ते पान मनात उघडलंच नाही. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा मी दुकानात येईल त्याला सांगत होतो — आता मला वर विचारायची सोय झाली.

५ एप्रिल

ही म्हणाली, "अहो, मला एकटीला सांगा. तुम्ही विचारलं होतंत का हो तिला?"

म्हटलं, वकिलांनी बोलू नका सांगितलंय.

"मी काय न्यायाधीश आहे?"

त्यापेक्षा वाईट, म्हटलं. उशी घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. सकाळी चहा आला, पण कप आपटून.

२ जून

तारीख. पुढे ढकलली.

कोर्टाबाहेरच्या बाकावर एकच जागा मोकळी होती, माझ्या शेजारची. घड्याळजी आले, उभे राहिले. मी सरकलो. बसले. "थँक्यू," म्हणाले, सवयीने. मग आम्ही दोघे समोरच्या भिंतीकडे बघत बसलो. त्यांच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेलं होतं, वेडंवाकडं. बायको शिवणकाम करायची त्यांची.

यांना तरी खरं कळायला हवं. कुणी काय केलं ते. मी तेही देणार नाही बहुतेक.

१९ जुलै

वकीलबाई आज चिडल्या. उद्या साक्ष आहे, अजून लेखी उत्तरात 'विचारलं' नाही, तोंडी तरी सांगणार ना? म्हटलं, नाही सांगणार.

"मी तुमच्याकडून खोटं बोलवून घेणार नाही."

"तुम्ही प्रश्न विचारू नका. टायवाला विचारेल."

माझं काय राहिलंय? गुडघे गेले, दुकान आज ना उद्या बंदच करायचं होतं. तिच्यापुढे सगळं आयुष्य पडलंय. मी विचारलं असं सांगितलं तर ती संपली — बापाने सावध केलं तरी ऐकलं नाही, वर आता लेखी खोटं बोलली. विचारलं नाही म्हटलं तर हात चुकलेली डॉक्टर, एवढंच. हात कुणाचाही चुकतो. मला यात त्याग वगैरे काही वाटत नाही. जेल तर मीच दिलं होतं.

२० जुलै

टायवाल्याने विचारलं — "वर विचारलं होतं का?"

"नाही."

"शंका आली नाही?"

"नाही आली."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. मुलगी दुसऱ्या रांगेत होती. तिने डोळे मिटले. सुटली, असं मला वाटलं. जीव भांड्यात पडला तिचा.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "काका, लोक मला वाचवायला बोलावतात. तुम्ही मला कशाला बोलावलंत?" त्यांना रिक्षा करून दिली.

८ ऑक्टोबर

निकाल. दोष मुख्यतः दुकानाचा. माझी नोंदणी रद्द. मुलीला समज दिली, पुढे काळजी घ्या म्हणून. दवाखाना चालू राहील.

घड्याळजी निकाल ऐकून उठले आणि कुणाकडे न बघता गेले.

१० ऑक्टोबर

पाटी उतरवली. भिंतीवर मागे चौकोन राहिलाय, जुन्या रंगाचा. ही म्हणाली, रंगवून घेऊ. बघू, म्हटलं.

आज झोप लागली दुपारी. तिचं वाचलं, याचं बरं वाटतंय. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा काहीतरी वाटलं.

१३ ऑक्टोबर

आज ती जवळ येऊन बसली. आता बोलायला बंदी नाही. म्हणाली, "बाबा, इतके महिने पोटात धरून होते. तुमच्याकडे बघवत नव्हतं मला, इतका राग यायचा. एवढंच सांगा — त्या दिवशी मला वर एक फोन का नाही केलात? मी लगेच खोडून दिलं असतं. ती बाई जगली असती."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. खोटं बोलली की तिचे कान लाल होतात, लहानपणापासून. कान लाल नव्हते. तिला आठवतच नाही.

"लक्षात नाही आलं," म्हटलं.

तिने माझा हात धरला. रडत होती. "जाऊ दे बाबा. मी माफ केलंय तुम्हाला. अगदी मनापासून."

बरं केलंस, म्हटलं.