गुलाबी होईपर्यंत

सिस्टर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज मी तुमच्यावर रागावले आहे. गेलेल्या माणसावर राग धरू नये, कळतं मला. पण वॉर्डात तुम्ही मला इतकं बोललात की आता थोडं तुम्हीही ऐकून घ्या. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून गेली दोन वर्षं मी इथल्याच एका स्किन क्लिनिकमध्ये जाते. तिथे एसी आहे, मऊ खुर्च्या आहेत आणि एक लेसरचं मशीन आहे. त्यानं ऑपरेशनचे व्रण पुसट होतात. होतात, खोटं नाही, मी स्वतः पाहिलेत. डॉक्टर पंधरवड्यातून एका शनिवारी बाहेरगावाहून येतात, ढीगभर पेशंट उरकतात आणि संध्याकाळी परत जातात. मी त्यांच्या शेजारी उभी असते, तुम्ही सर्जनच्या शेजारी उभ्या असायचात तशीच, हात मागे बांधून.

मिरजोळ्याहून एक अंगणवाडीची बाई यायला लागली. पस्तिशीची असेल. थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं, गळ्यावर आडवा व्रण. रंग तुमच्यामाझ्यासारखा, चांगला काळा. "पोरं मांडीवर बसतात नि व्रणाला बोट लावून विचारतात, बाई, तुमचा गळा कोणी कापलान?" असं ती हसत हसत सांगत होती, पण ओढणी गळ्याशी घट्ट धरून. भर मे महिन्यातसुद्धा तिनं ती सोडली नव्हती. "मला काय गोरी व्हायचं नाय हो सिस्टर. उघड्या गळ्यानं पोरांत बसता आलं, बस झालं." एवढंच मागणं होतं तिचं.

मशीन बसवलं तेव्हा कंपनीचा माणूस दोन तास शिकवून गेला होता. जाताना भिंतीवर एक तक्ता लावून गेला. त्यात पाच फोटो, पाचही माणसं दुधासारखी गोरी. कातडीवर हलकी गुलाबी छटा आली की थांबायचं, म्हणे. रत्नागिरीत, सिस्टर! इथे कोण गुलाबी होतं? डॉक्टरांनी तिच्या व्रणावरून एक फेरी मारली, वाकून बघितलं. गुलाबी काही दिसेना. जोर वाढवला, दुसरी फेरी मारली. तरी दिसेना. ती मुठी आवळून पडली होती, सहन करायचं असतं अशा समजुतीनं. डॉक्टर पुन्हा मशीनच्या बटणाकडे वळले तेव्हा मी तिच्या गळ्याला हाताची मागची बाजू लावून बघितली. नको तेवढी तापली होती कातडी.

हात असा लावायचा हे मला शिकवलं कोणी? तुम्ही. माझं पहिलं वर्ष होतं. एका कोळणीच्या पोटाच्या टाक्यांचा तिसरा का चौथा दिवस, आणि मी केसपेपरवर लिहून मोकळी झाले होते, 'लाली नाही.' सगळ्या वॉर्डादेखत तुम्ही तो कागद माझ्या तोंडापुढे धरलात. "काय गो, लाली शोधत होतीस? बाईचा रंग बघितलास? हिच्या कातडीत पू झाला तरी लाली दिसायची नाय. हात लाव. तळवा नको, मागची बाजू लाव." मी हात लावला आणि टाक्यांभोवतीचा ताप मला समजला. मी दिवसभर रडले. संध्याकाळी तुम्ही मला क्वार्टरवर बोलावता, स्वयंपाकघरात पाटावर बसवता, भात आणि बांगड्याचं तिखलं वाढता. मग तुमचा हात माझ्या हाताशेजारी ठेवून म्हणता, "पुस्तकं लिवणाऱ्यांनी आपल्याला बघितलेलं नाय. आपण एकमेकींना बघायचं." ते जेवण अजून माझ्या तोंडात आहे.

पण त्याच दिवशी तुम्ही मला आणखी एक गोष्ट शिकवलीत. सर्जन राउंडला आले तेव्हा टाक्यांत पू झालाय हे तुम्ही त्यांना सांगितलंत का? नाही. त्या कॉटशेजारी कात्री, चिमटा असा सगळा ट्रे मांडून ठेवलात आणि गप्प उभ्या राहिलात. सर्जननी ट्रे बघितला, पट्टी सोडली, दाबून बघितलं आणि म्हणाले, "अरे, इथे पू आहे." "हो का सर?" म्हणालात तुम्ही! नंतर मला कानात सांगितलंत, "डॉक्टरांना त्यांचं त्यांना सापडलं पायजे. मग काम पण होतं नि कोणाचा अपमान पण होत नाय." केवढं कौतुक वाटलं होतं मला तुमचं. पुढे सगळी नोकरी मी तसंच केलं, ट्रे मांडत राहिले.

त्या शनिवारीही तेच केलं. बर्फाच्या पट्ट्यांचा ट्रे उचलला आणि डॉक्टरांच्या कोपराशी आणून ठेवला, त्यांचं त्यांना सापडावं म्हणून. त्यांना वाटलं, मी पुढची तयारी करतेय. "गुड, सिस्टर," म्हणाले आणि तिसरी फेरी मारली. तुमच्या युक्तीला अर्धा तास लागायचा, सिस्टर. या मशीनला अर्धं मिनिट पुरतं. तिथे 'थांबा' एवढा एकच शब्द हवा होता, आणि साठी उलटलेल्या बाईला तो तोंडातून काढता आला नाही. माझा राग आहे तो यावर. तुम्ही मला हात दिलात आणि तोंड शिवून टाकलंत.

चार आठवड्यांनी ती आली तेव्हा व्रण जाड झाला होता आणि त्याच्या आजूबाजूला मशीनच्या ठशांचे काळेभोर चौकोन उमटले होते. आता ओढणीही पुरेना. डॉक्टर म्हणाले, "डार्क स्किनला असं होतं. तुमच्या स्किनची टेंडन्सीच तशी आहे." होतं म्हणे! जसा काही तिनं घरी बसून गळा काळा करून घेतला. मी मशीनचं जाडजूड पुस्तक काढलं आणि नातवाची डिक्शनरी घेऊन बसले. शेवटच्या पानांत, बारीक अक्षरात, एक परिच्छेद सापडला: काळ्या कातडीला जोर कमी ठेवा, आधी ठिपक्याएवढ्या जागेवर करून बघा, काही आठवडे थांबा, मगच पुढे जा. म्हणजे त्यांना माहीत होतं! मशीन विकलं इथे, आणि इथल्या माणसांची कातडी टाकली शेवटच्या पानावर. ते पान उघडून मी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी त्यावर मोबाईल ठेवला. बघा, अजूनही मी ट्रेच मांडतेय.

येत्या शनिवारी ती परत यायची आहे. तिला काय सांगणार ते ठरलेलं नाही. हे पत्र तुमच्या मुलीला दाखवावं असं एकदा मनात आलं, पण तिला वाटेल मी तुमच्यावर खापर फोडतेय. थोडं फोडतेच आहे. वहीतच राहू दे. मात्र एक गोष्ट तुमच्या माथी मारता येत नाही, ती लिहून टाकते. काळे चौकोन दाखवायला आली त्या दिवशी ती डॉक्टरांवर आवाज चढवून बोलली, "होता त्याच्यापेक्षा वाईट केलात माझा गळा," आणि रडत बाहेर येऊन बाकावर बसली. मी पाणी दिलं. माझं मनगट धरून तिनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही तरी खरं काय ते सांगा. माझ्याच कातडीचा दोष आहे ना?" डॉक्टर आत होते. आजूबाजूला कोणी नव्हतं. मला कोणी काही शिकवून ठेवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "हो." तिनं डोळे पुसले. "मग उगाच बोलले मी त्यांना," म्हणाली, आणि डॉक्टरांची माफी मागायला आत गेली.