पट्टी सैल करायची राहिली

१२ नोव्हेंबर १९३४

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी गिरणीत कापड विणणाऱ्या साच्यावरच्या शिवपुत्राचा उजवा हात चालत्या पट्ट्यात सापडला. कोपराखाली नुसता चेंदामेंदा. सगळ्यांचा एकच ओरडा — जॉबरला बोलवा, जॉबर शिकलाय! जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम, मी. शिकलोय खरा. दोन वर्षांपूर्वी गिरणीत डॉक्टरांनी प्रथमोपचाराचा वर्ग घेतला, त्यात मी पहिला आलो. पितळी बिल्ला मिळाला, औषधाची पेटी माझ्या ताब्यात आली. दर खंडेनवमीला साच्यांबरोबर पेटीलाही हळदकुंकू आणि झेंडूची माळ. पूजेच्या वस्तूला एरवी हात कोण लावतो? आज गंजलेलं झाकण हातोडीनं उघडलं.

दंडाला पट्टी बांधली, पेन्सिल घालून पिळली. रक्त थांबलं. लोक म्हणाले, वा जॉबर!

दवाखान्यात त्याची बायको सुंदरम्मा धावत आली. तिनं रक्त बघू नये म्हणून मी त्या हातावर चादर टाकली. डॉक्टर दुसऱ्या रोग्यात गुंतलेले. आम्ही बाकावर बसून राहिलो, कितीतरी वेळ. चादर काढली तर बोटं काळीनिळी!

डॉक्टरांनी विचारलं, पट्टी मधूनमधून सैल करत होता ना?

तेव्हा आठवलं. सैल करायची असते. आणि झाकायची तर कधीच नसते. दोन्ही वर्गात घोकून घेतलं होतं.

मी "हो" म्हणालो.

१३ नोव्हेंबर

आमच्या खात्यातला मायाप्पाही त्या वर्गात होता. त्याला मुद्दाम विचारलं, रक्त वाहायला लागलं तर काय काय करायचं? त्याला वर्गात रोज मिळणारी केळी आठवतात, डॉक्टरांची टोपी आठवते. बिल्ला धाकट्या पोरीनं खेळताना हरवला म्हणे. त्याला हसू आलं. मला त्याच्या मुस्काटात मारावीशी वाटली — आणि मग स्वतःच्या.

१४ नोव्हेंबर

शिवपुत्राच्या बोटाला सुई टोचली तरी त्याला कळत नाही.

१५ नोव्हेंबर

घरी धोतर फाडून बायकोच्या, सोजरच्या दंडावर पट्टी बांधून पाहिली. परीक्षेत हे डोळे मिटून केलं होतं! आज तीनदा चुकलो. ती म्हणाली, "आता हे करून त्याचा हात बरा हुनार हाय का?" तिला खरं माहीत नाही. चिंधी चुलीत टाकली.

आज मॅनेजरसाहेबांकडे गेलो होतो ते खरं बोलायलाच. सुरुवात केली, साहेब, वर्ग पुन्हा घ्या, आम्ही सगळे विसरलोय. साहेब म्हणाले, पोहायला शिकलेला माणूस कधी विसरतो का? वर मलाच बक्षीस जाहीर केलं, प्रसंगावधानाबद्दल! आभार मानून बाहेर आलो.

१७ नोव्हेंबर

हात कापला. दंडापासून.

डॉक्टर म्हणाले, पट्टी सैल करत होता, तरी हात गेला. म्हणजे जखमच वाईट होती. माझ्या थापेचा हा उपयोग झाला. आता त्या जखमेवर सगळं ढकलून मी मोकळा!

सुंदरम्मा व्हरांड्यात माझ्या पाया पडली. "तुमी व्हता म्हनून माजं कुंकू ऱ्हायलं." पाय मागे घेतला, तर तिनं दुसरा धरला. शिवपुत्र साच्यावरचा चांगला कारागीर होता. त्याच्यासारखी तुटलेल्या सुताची गाठ आमच्या खात्यात कोणी मारत नसे. त्याला आता साच्यावर कोण घेणार?

देवा, मला शिकवलंस कशाला? अडाणी असतो तर निदान बाजूला उभा राहिलो असतो.

१९ नोव्हेंबर

कामावर गेलो नाही. जेवण जात नाही.

२५ नोव्हेंबर

आज शिवपुत्राला सगळं सांगितलं. पट्टी, चादर, डॉक्टरांपुढं मारलेली थाप. बाहेर पोलीस उभा असता तरी सांगितलं असतं.

त्यानं तोंड भिंतीकडं वळवलं. मग म्हणाला, "हे सुंदरीला सांगू नका. तुमी मला वाचिवलं म्हनून तर तिचं रडं थांबलंय."

मी उठलो. दारापर्यंत गेलो, तेव्हा पाठीमागून म्हणाला, "मी घरी आलो की तुमाला जेवायला बोलवायचं तिनं ठरीवलंय. या. तिला बरं वाटंल."

जावं लागेल.