रजयांखालची इंजेक्शनं

अबू मीथम भाऊजी,

सलाम लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलंय.

काल शोकाच्या मंडपात तुम्ही सांगत होतात, "काझिमच्या अंगात ताकदच नव्हती, नाहीतर कोरोना काय चीज आहे?"

माझा नवरा अशक्त नव्हता. डॉक्टर सुहानं घरी येऊन तुमच्यासमोरच सांगितलं होतं, "विषाणू कमी झालाय, पण याच्या शरीराचं सैन्य थांबायला तयार नाही. ते आता याचीच फुप्फुसं जाळतंय. त्याला आवरायला ही स्टेरॉईडची इंजेक्शनं."

ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "इंतिसार, ही बाई त्याची प्रतिकारशक्ती मारणार. मध आणि कलौंजी दे." मी ऐकलं नाही, तेव्हा म्हणालात, "बरं, मीच टोचतो. फौजेच्या दवाखान्यात हेच तर केलं." मी रोज विचारायची, टोचलं का? तुम्ही रोज म्हणायचात, टोचलं.

आज तुमचं अंथरूण आवरताना रजयांखाली ती सगळी इंजेक्शनं खोक्यात तशीच सापडली, न फोडलेली. उशाशी ऑक्सिजनचा सिलिंडर असूनही काझिम तडफडत होता, तेव्हा तुम्ही त्याला टोचत काय होतात? व्हिटॅमिन?

हे पत्र पाठवणार नाही. सासूबाईंना आता एकच मुलगा उरलाय, आणि त्या दिवसभर तुमच्या सेवेचे गोडवे गातात. पण चाळिसाव्या दिवसाच्या विधीला पुन्हा कुणासमोर "अशक्त होता" म्हणालात, तर चहाच्या पेल्याबरोबर हा खोकाही तुमच्यापुढे आणून ठेवीन.

काझिमची बायको,
इंतिसार
नासिरिया