दारामागचा कागद

रविवार, १४ तारीख

चि. चिमणीस,

बाबांचा आशीर्वाद, आणि डोक्यावर एक टपली. वेळेवर जेव, जागरणं करू नकोस वगैरे दर वेळी लिहितो तेच समज.

गेल्या वर्षी माझी पाठ धरली तेव्हा तू लिहून दिलेला कागद बागेच्या दारामागे तसाच चिकटवलेला आहे. कमरेत नाही, गुडघ्यात वाकायचं. गुडघ्यांखाली जुनी उशी. वीस मिनिटं झाली की हातातलं काम बदलायचं. जड कुंडी उचलायची नाही, गोणपाटावर घेऊन ओढायची. सगळं तंतोतंत पाळतो. समोरचे मास्तर विचारतात, "काय हो, बागकाम चाललंय की कवायत?" हसू देत बापडे. माझी पाठ ठणठणीत आहे.

तुझ्या आईची नाही.

हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, धीर झाला नाही. बाग माझी म्हणतात सगळे. पण मी नुसता छाटतो आणि आल्यागेल्याला फुलं दाखवतो. मातीची पोती, पाण्याच्या बादल्या तीच वाहते. तिला कागद कुणी लिहून दिला नाही, तू नाहीस आणि मीही नाही. मंगळवारी लिंबाची कुंडी उन्हात न्यायची होती. मी म्हटलं, "गोणपाट सापडत नाहीये, उद्या बघू. मला उचलायला मनाई आहे."

"तुम्हाला आहे ना?" म्हणाली आणि कमरेत वाकून उचलली. मी स्टुलावर बसल्या बसल्या "अगं, गुडघ्यात वाक" एवढं म्हणालो. उठलो नाही गं मी.

तेव्हापासून ती आडवी आहे. डाव्या पावलाला चिमटा काढला तरी कळत नाही. नस दबलीय, दोन दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर पाऊल कायमचं जाईल, असं डॉक्टर आज म्हणाले. ती तयारच नाही. "पोरीची नवी नोकरी आहे, तिला कळवलंत तर बघा," म्हणते. घरातला एकुलता फोनही तिने उशाशी ठेवून घेतलाय. म्हणून हे पत्र आज तिकडे गाडी घेऊन येणाऱ्या शेजारच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. उद्या सकाळी त्याच्याच गाडीत बसून निघ. तुझं ती ऐकेल.

मला हवं तेवढं बोल, पण तिच्यासमोर नको. ती माझीच बाजू घेईल, आणि ते मला सोसायचं नाही.

स्वतःची पाठ तेवढी सांभाळलेला,
तुझा बाबा