शिकरणातील कॅप्सूल आणि खुब्यातील पाणी

दि. ४ नोव्हेंबर, मंगळवार
केळीच्या बागेत ठिबकच्या नळीत पाय अडकून पडलो. उजव्या खुब्यात दोन वर्षांपूर्वी बसविलेला कृत्रिम सांधा जागेवर आहे. त्याखालचे मांडीचे हाड तडकले. शहराच्या लालबाग भागातील इस्पितळात दाखल. पायाला वजन बांधले आहे. चि. प्रकाश भेटीस येणाऱ्या प्रत्येकास सांगतो की बाबा मोठ्याने ओरडले. मी ओरडलो नाही. सदर नोंद त्याच्या खंडनार्थ.

दि. ५, बुधवार
डॉक्टर तरुण आहेत, हिंदी बोलतात, परंतु अदबीने. पडण्यापूर्वी महिनाभर खुबा ठणकत होता, हे ऐकून ते गंभीर झाले. रक्तात सुजेचे प्रमाण वाढलेले आहे. ते हाड मोडल्याने वाढते आणि सांध्यात जंतू शिरल्यानेही वाढते. जंतू नसतील तर हाडास धातूची पट्टी व तार बसवून काही आठवड्यांत वॉकर. असतील तर सांधाच काढावा लागेल. नंतर कित्येक महिने अंथरूण आणि दुसरे ऑपरेशन.
प्रकाश (एम. ए.) पुनःपुन्हा विचारीत होता, "पण रिपोर्टमधून कळत कसं नाही?" अखेर मी समजाविले. केळीचे पान वाऱ्याने मोडले तरी पिवळे पडते, मर रोग लागला तरी पडते. बांधावरून सांगता येत नाही. खोड कापून आत पाहावे लागते.
डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, यही तो मैं आधे घंटे से समझा रहा हूँ।"
माझे शिक्षण चौथी.

दि. ६, गुरुवार
सांध्यातील पाणी सुईने काढून तपासणार. तत्पूर्वी डॉक्टरांचा प्रश्न : गेल्या महिन्यात काही अँटिबायोटिक घेतले काय? घेतले असल्यास जंतू दबून बसतात, तपासणीत सापडत नाहीत. मी ताठ मानेने सांगितले की मी कोणत्याही प्रकारची गोळी घेत नाही. सौ. खिडकीबाहेर पाहू लागली. खिडकीबाहेर फक्त भिंत आहे.
सायंकाळी तिने सांगितले.
"सूनबाईच्या दाढेच्या कॅप्सूल उरल्या होत्या ना."
"मग?"
"फोडून शिकरणात टाकायची."
"किती दिवस?"
"संपेपर्यंत. परवापर्यंत चालू होत्या. सांगून घेतल्या असत्या का तुम्ही?"
नसत्या घेतल्या. शिकरण कडू लागते म्हणून मी दूधवाला बदलला होता. त्या गृहस्थाची क्षमा मागणे आवश्यक.

दि. ७, शुक्रवार
प्रकाशचे मत, "राहू द्या बाबा, आता कशाला सांगायचं. हसतील." हसोत. डॉक्टर येताच मी दुरुस्ती सादर केली : कालचे माझे निवेदन चुकीचे होते; औषध माझ्या नकळत पोटात गेले आहे. सौ. चे नाव मी घेतले नाही. तिनेच पुढे येऊन सांगितले, "मी दिलं डॉक्टरसाहेब. शिकरणात."
डॉक्टर हसले, मग खुर्ची ओढून बसले. म्हणाले, बरे झाले सांगितले, नाहीतर स्वच्छ रिपोर्टवर विसंबून फसलो असतो. आता काही दिवस औषध अंगातून उतरू देऊ, मग पाणी काढू. हाडासाठी फार थांबता येणार नाही.
दुपारी नर्सबाई सौ. ला म्हणाल्या, "आजी, डब्यात काय आहे ते आधी सांगायचं, मग झाकण उघडायचं." सबंध वॉर्ड हसला. सौ. सुद्धा, इस्पितळात आल्यापासून प्रथमच.

दि. १२, बुधवार
पाणी काढले. सुई बरीच लांब. प्रकाश बाहेर गेला, त्यास चक्कर येत होती.
इतवारा बाजारातून मावा जिलेबी आली. शेजारच्या पलंगास अर्धी. मधुमेहाची तपासणी सकाळीच झाली असल्याने हरकत नाही.

दि. १५, शनिवार
रिपोर्ट : पाण्यात पेशी किंचित जास्त. जंतू अद्याप उगवलेले नाहीत. आणखी काही दिवस ठेवून पाहतील. पेशी मोडलेल्या हाडाच्या रक्तानेही वाढतात. म्हणजे पान पिवळेच.
सौ. डोळे पुसू लागली. "माझ्या कॅप्सुलांनी सगळा घोळ केला."
मी म्हणालो, "कदाचित त्यांनीच जंतू मारले असतील. दारावर डॉक्टर म्हणून पाटी लाव."
"चिडवू नका हो."
थोड्या वेळाने शेजारच्या पलंगाजवळ बसलेल्या बाईंना तीच सांगत होती, की आमचे हे मला डॉक्टर म्हणतात. लग्नास बावन्न वर्षे झाली. माझे एखादे वाक्य तिने दुसऱ्यास सांगितल्याचे मी प्रथमच ऐकले.

दि. १७, सोमवार
उद्या ऑपरेशन. पट्टी-तार तयार आहे, सांधा काढण्याची हत्यारेही तयार आहेत. उघडून पाहतील, आतले तुकडे लगेच तपासतील, मग ठरवतील. दोन्हींच्या संमतीचे कागद वाचून मी सह्या केल्या. अक्षर चांगले आले.
सौ. ने विचारले, घरी पलंग कोठे टाकायचा? अंथरुणावर राहणे आले तर पुढची खोली बरी, येणारे-जाणारे दिसतील. वॉकर मिळाला तर नेहमीची मागची.
मी म्हणालो, उद्या कळेल.
ती म्हणाली, "दोन्ही झाडून ठेवल्यात."