पाटीवर मावेल तेवढंच

३ फेब्रुवारी, सोमवार. बीड.
दिपाली माहेरी, धारूरला जाऊन तीन आठवडे झाले. कारण क्षुल्लक. भाजीत मीठ नव्हतं म्हणून मी स्टीलचा डबा फेकला. भिंतीवर फेकला. भिंतीच्या पुढे ती उभी होती, त्याला मी काय करणार? कपाळाला टेंगूळ आलं, बस्स.
आजपासून संकल्प. राग बंद. हात उचलणं बंद. मुळात मी शांत माणूस आहे, लोकच डोकं फिरवतात. पंधरा दिवसांत ती परत घरात दिसली पाहिजे.

४ फेब्रुवारी.
क्लासवर स्पर्धा परीक्षेच्या पोरांना शंभर वर्षांपूर्वीची मूक फिल्म दाखवली. इतिहासाच्या सिलॅबसमध्ये सिनेमा आहे म्हणून. काय तो हिरो! तलवारीने दहाबारा जण आडवे करतो, बुरुजावरून उडी टाकतो, धूळ झटकून उठतो. वायर नाही, डुप्लिकेट नाही. माझ्या अंगावर काटा आला. पोरं फिदीफिदी हसत होती. एकाने विचारलं, सर, टू एक्सवर लावली का? मागच्या बाकावरचा जीवन पडद्यावरच्या हिरॉइनकडे बोट दाखवून शेजाऱ्याला म्हणाला, बे, ही बाई न्हाई, बाप्या हाय!
मी शांतपणे समजावलं की त्या काळी बायका सिनेमात फारशा यायच्या नाहीत, बऱ्याचदा पुरुषच लुगडं नेसायचे. तरी हसणं थांबेना. मग डस्टर हातातून सुटला. जीवनच्या भुवईला टाके पडले.
संकल्पाचा भंग धरत नाही. डस्टर घामामुळे निसटला.

५ फेब्रुवारी.
क्लासच्या मालकांनी काही दिवस आराम करायला सांगितलं. माझ्या ओव्हरवर्कची कुणाला तरी जाणीव झाली म्हणायची.
दुपारी तीच फिल्म पुन्हा पाहिली. मुद्दा सापडला. हिरो एक शब्द बोलत नाही. छातीवर हात ठेवतो, डोळे विस्फारतो, गुडघे टेकतो, आणि हिरॉइन पाघळते. आमच्याकडे भांडणं होतात ती बोलण्यामुळे. हिरॉइनही मला पसंत. पदर पिळत, रडत, मिनिटभर तोंड हलवते, आणि नंतर पडद्यावर मजकुराची पाटी येते: नाथ, थांबा! एवढंच. बायको असावी तर अशी.
दिपालीला लिंक पाठवली. खाली लिहिलं, शिकण्यासारखं आहे. निळ्या टिक आल्या. म्हणजे पाघळायला सुरुवात झाली.

८ फेब्रुवारी.
नवा संकल्प. उद्या धारूरला जायचं, पण बोलायचं नाही. संपूर्ण मौन, फक्त अभिनय. सकाळपासून आरशासमोर प्रॅक्टिस. डोळे उत्तम जमतात. दूधवाला दार उघडं पाहून आत डोकावला आणि कॅन सोडून पळाला. भावना पोहोचते याचा हा पुरावा.
आरसा फुटला. गुडघे टेकताना पँट उसवली, त्याचा थोडा त्रास झाला आणि पाय लागला. आरसा आधीपासून सैलच होता.

११ फेब्रुवारी. बीड, हॉस्पिटल.
आता लिहू शकतो. परवा ठरल्याप्रमाणे सासुरवाडीला पोहोचलो. दिपाली ओट्यावर शेंगा फोडत होती. मी अंगणात उभा राहिलो, छातीवर हात ठेवला, डोळे विस्फारले, मान मागे टाकली आणि गुडघ्यांवर कोसळलो. शॉट परफेक्ट होता.
सासूबाई, भिवराबाई, ओरडल्या, आगं बया, जावायाला फिट आली! पळत आल्या आणि पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. मी मौन मोडलं नाही. नुसती मान झटकली. त्यावर त्या म्हणाल्या, लई जोरात हाय, धरा ह्यांना! मेहुणा प्रविण छातीवर बसला. दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा कोंबला. दुसऱ्या नाकपुडीला कांदा.
एवढं होऊनही मी शांत होतो. पण दिपाली हसली. पदरात तोंड लपवून.
मग मौन सुटलं. काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. प्रविणला ढकलून ओट्यावर चढलो. हात उठला, पण फक्त हवेत. तिने हात डोक्यावर धरून अंग चोरलं, याची काही गरज नव्हती. प्रविणने मागून फिरवून एकच ठेवून दिली. ओट्यावरून उडालो, हनुवटी हौदाच्या कडेवर आपटली.
हिरो बुरुजावरून पडून उठतो. मी उठलो नाही. जबडा दोन ठिकाणी मोडला. डॉक्टरांनी दात तारेने बांधलेत, महिनाभर बोलणं बंद. नर्सने लहान मुलांची पाटी दिलीय, पाणी पाहिजे वगैरे लिहायला.
मौनाचा संकल्प चालू आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार.
दिपाली आली! एकटी. मी ओळखून होतो.
खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली. मी हात वर केला, तिने पाहिलं नाही. म्हणाली, तुमी पाठवलेली फिल्म दोनदा बघितली. ती बाई येवढी जीव तोडून बोलती, अन् पाटीवर दोनच शब्द. बाकीचं गेलं कुठं? सात वर्सं मी बी तसंच तोंड हलवलं, तुमाला आवाज आला न्हाई.
मग एकेक सांगत गेली. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात शर्टाच्या इस्त्रीवरून मारलेली थोबाडीत. हातावर सांडलेला चहा. दाराला बाहेरून लावलेली कडी. डबा. बरंचसं मला आठवत नव्हतं. काही आठवत होतं. मध्ये बोलायची सोय नसल्याने सगळं ऐकावं लागलं. शेवटी म्हणाली, मी आता धारूरलाच ऱ्हानार. शिलाई मशीन घेतलंय.
मी भराभर पाटी भरली. पहिला मुद्दा, ती बाई नव्हतीच, तो पुरुष होता. दुसरा मुद्दा, चहा उकळता नव्हता. तिसऱ्या मुद्द्याला जागा पुरली नाही.
तिने पाटी घेतली, वाचली, पदराने पुसली आणि परत माझ्या हातात दिली. म्हणाली, दोनच शब्द लिहा. मी वाचून जाते.
कोणते, ते मला कळत होतं. पेन्सिल धरून बराच वेळ बसलो. हात चालेना. तारांमुळे असेल. शेवटी लिहिलं: चहा घेणार?
पाटी वर केली तर खुर्ची रिकामी. ती धारूरच्या एसटीला गेली होती. शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याने पाटी वाचली आणि म्हणाला, घेतो की, साखर कमी सांगा.